काचेच्या वाफ्याला उजेड किती द्यावा?



ह्या सदरात आपण कांदा, टोमॅटो, हरभरा यांच्याविषयी नेहमी बोलतो. आज पाण्याखालच्या झाडांविषयी लिहीत आहे, आणि तीही काचेच्या पेटीतली. साहेबांना आता शहराचे वारे लागले, असे काहीजण म्हणतील. पण आपल्यापैकी पुष्कळांची मुले नोकरीधंद्यासाठी मुंबई-पुण्यास आहेत आणि त्यांच्या घरी माशांची पेटी असते. आता तर तालुक्याच्या गावीही अशी पेटी विकत मिळते व मुलांच्या हट्टापायी ती आपल्या ओसरीवर येऊन बसते. शिवाय जे घडले ते शेतकऱ्याच्याच घरी घडले, म्हणून सांगतो.

गेल्या श्रावणात कचेरीच्या कामासाठी मुंबईस जाणे झाले. मुक्काम दिंडोशीस, पुतण्याकडे. गोरेगाव-मालाडच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी ही वस्ती आहे. मागे राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, एका अंगाला दादासाहेब फाळके चित्रनगरी. पुतण्या चित्रनगरीत लाईटमन आहे. त्याचे वडील म्हणजे माझे थोरले चुलत बंधू. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. पन्नास वर्षे त्यांनी जुन्नर तालुक्यात शेती केली. गुडघे गेले, वहिनी गेल्या, तेव्हा मुलाने त्यांना चौथ्या मजल्यावर आणून ठेवले. दोन खोल्यांच्या घरात ह्या माणसाने दिवसभर करायचे काय? नातीच्या वाढदिवसाला दोन फुटी पेटी आणली, आणि पंधरा दिवसांत ती नातीची राहिली नाही, आबांची झाली. ते तिला 'माझा वाफा' म्हणतात. गावी गेले तेव्हा ओढ्याची वाळू पिशवीत भरून आणली, सात पाण्यांनी धुतली आणि तळाशी पसरली.

मी गेलो तेव्हा मात्र त्या वाफ्याची दशा बघवत नव्हती. पाणी हरभऱ्याच्या पाल्याच्या रसासारखे हिरवे. पुढच्या काचेवर हिरवा लेप, पानांवर केसांसारख्या तारा, आणि मासे आहेत की नाहीत हे खाणे टाकल्यावरच कळायचे. सूनबाई वैतागून गेल्या होत्या. "तात्या, येत्या रविवारी मी ही पेटी भंगारवाल्याला देणार. वास येतो हो घरात," असे त्यांनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितले. आबांनी ते ऐकले होते. ते काही बोलले नाहीत. काचेवरचा लेप जुन्या टूथब्रशने घासत बसले.

मी पहिला प्रश्न विचारला तो दिव्याचा. पेटीवर तीस वॉटची एल.ई.डी.ची पट्टी होती, पाण्यापासून जेमतेम चार बोटांवर. ती कधी लावता, कधी बंद करता? पुतण्या म्हणाला, "सकाळी लावतो, रात्री बंद करतो." नात म्हणाली, "खोटं! आजोबा पहाटे साडेचारला लावतात आणि रात्री बारा वाजले तरी बंद करत नाहीत." म्हणजे रोज साडेएकोणीस तास. आबांनी मान खाली घातली. रात्री झोप लागत नाही, घरात सगळे निजलेले, मोठा दिवा लावावा तर त्यांची झोपमोड होते. म्हणून ते पेटीच्या उजेडात बसून राहतात. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी गॅलरीत सांगितले, मुलासमोर नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. झाड उजेडात आपले अन्न तयार करते हे शाळेतले पोरही सांगेल. हा शोध ज्या प्रयोगांतून लागला त्यांतले काही प्रयोग पाण्यातच झाले होते. १७७९ साली यान इंगनहाउझ या डच वैद्याने पाण्यात बुडवलेल्या पानांवर बुडबुडे येताना पाहिले आणि ते फक्त उन्हात येतात, अंधारात येत नाहीत, हे दाखवून दिले. आपले आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी ह्या विषयावर १९२४ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातले प्रयोग हायड्रिला ह्या पाणवनस्पतीवरचे आहेत. ही हायड्रिला आपल्या तळ्यांत, कालव्यांत, पाटचाऱ्यांत ढिगाने वाढते. आपल्याकडे पाण्यात जे हिरवे दिसेल त्या सगळ्याला शेवाळ म्हणण्याची रीत आहे, त्यामुळे मोठा घोटाळा होतो. हायड्रिलाला खोड, पाने, मुळे असतात. ते झाड आहे. काचेवरचा लेप आणि पाण्याचा हिरवेपणा हे खरे शेवाळ. पहिले वाढवायचे, दुसरे रोखायचे, आणि उजेड तर दोघांनाही हवा. सगळी गोम इथे आहे.

उजेड वाढवला म्हणजे झाडाची भूक वाढते. भूक वाढली की त्याला कर्बवायू, नत्र, स्फुरद, पालाश, लोह हे सगळे त्याच प्रमाणात हवे. शेतात वाऱ्याबरोबर कर्बवायू सारखा येत असतो. पाण्यात तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, म्हणजे पाण्यातले झाड नेहमी कर्बवायूला भुकेलेलेच असते. माशांच्या विष्ठेतून नत्र आणि स्फुरद मिळते, पण पालाश व लोह बहुधा कमी पडते. अशा ठिकाणी दिवा तिप्पट केला तर झाड तिप्पट वाढत नाही. ते जिथे अडले आहे तिथेच अडून राहते, आणि उरलेला उजेड व उरलेले नत्र शेवाळ खाते. शेवाळाला फारसे काही लागत नाही. ज्या रानात मूळ पीक जोर धरत नाही आणि पाणी-खत मात्र भरपूर पडते, तिथे तण किती माजते हे मी आपल्याला सांगायला नको.

मग तीस वॉटचा दिवा आला कुठून? त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. पेटीबरोबर मुळात दहा वॉटची साधी पट्टी आली होती. झाडे लावल्यावर आठवड्याभरात दोन झाडांची पाने विरघळून चिखल झाली. पुतण्या दुकानदाराकडे गेला. तो म्हणाला, उजेड कमी पडतो, हा मोठा घ्या. पुतण्याचा धंदाच उजेडाचा. त्याला ते लगेच पटले. जुनी पट्टी माळ्यावर गेली. वास्तविक ती झाडे क्रिप्टोकोरीन जातीची होती. ह्या जातीला जागा बदलली, पाणी बदलले की जुनी पाने झडवून टाकण्याची खोडच आहे. मुळे जिवंत असतात, तीनचार आठवड्यांत नवी पाने येतात. रोप लावल्यावर मान टाकते तसाच हा प्रकार, थोडा जास्त घाबरवणारा. त्या वेळी काही न करता थांबणे हाच उपाय होता. दुकानदाराने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही. पण पिवळे पान दिसले की औषध, असे आपल्याकडेही कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर चालतेच की.

दिवा किती मोठा असावा ह्याचा हिशेब मी आबांना पाटीवर करून दाखवला. पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटात सुमारे अठ्ठावीस लिटर पाणी मावते, दोन घनफुटांत छप्पन्न. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की खरे पाणी पंचेचाळीस लिटर धरा. आता खोक्यावर छापलेले वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो ते. उजेड किती देतो त्याचा आकडा लुमेन ह्या नावाने वेगळा छापलेला असतो. चांगली एल.ई.डी. एका वॉटला सुमारे शंभर लुमेन देते. सावलीत वाढणाऱ्या झाडांना लिटरमागे दहा ते वीस लुमेन पुरतात, मध्यम झाडांना वीस ते चाळीस. त्याच्या वर गेलात की कर्बवायूचा सिलिंडर आणि रोजचे खत आलेच. हे ढोबळ माप आहे. पेटी खोल असेल तर तळापर्यंत उजेड कमी पोहोचतो, मग थोडे वाढवून धरावे. आता गणित करा. दहा वॉट म्हणजे हजार लुमेन, ते पंचेचाळीस लिटरला वाटले तर लिटरला बावीस. तीस वॉटला तेच सहासष्ट पडतात. आबांनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे माळ्यावरचा दिवाच बरोबर होता."

होता. पुतण्या जरा खट्टू झाला. म्हणाला, "तात्या, आम्ही सेटवर उजेड मऊ करायला बटर पेपर लावतो. हाच दिवा ठेवतो, वर कागद लावतो." युक्ती चालेल. दिवा फूटभर उंच टांगला तरी उजेड उतरेल. काही दिव्यांना तर उजेड कमी-जास्त करण्याचे बटणच असते. पाण्यावर थोडा अझोला तरंगत ठेवला तरी खाली सावली पडते. पण विजेचे पैसे देऊन उजेड विकत घ्यायचा आणि मग तो कागदाने अडवायचा, हे माझ्या मनाला पटेना. तीस वॉटचा दिवा साडेएकोणीस तास जळला की महिन्याला साडेसतरा युनिट होतात. दहा वॉटचा सात तास जळला तर दोन युनिटांच्या आसपास. हा आकडा ऐकल्यावर सूनबाई पहिल्यांदा बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या.

रंगाविषयीही लोक विचारतात. बाजारात जांभळा उजेड देणारे 'झाडांचे खास दिवे' मिळतात. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश अधिक शोषते हे खरे, म्हणून ते तसे बनवतात. परंतु पांढऱ्या दिव्यातही हे दोन्ही रंग असतात, आणि जांभळ्या उजेडात हिरवी झाडे काळपट दिसतात. घरात बघण्यासाठी पेटी ठेवली, तर बघण्यासारखी दिसायला नको का? खोक्यावर ६५०० के असे लिहिलेला, दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा घरगुती पेटीला उत्तम. हा के म्हणजे केल्विन. उजेड पिवळसर की निळसर एवढेच त्यावरून कळते. त्यावरून दिव्याची ताकद कळत नाही, तेव्हा आकडा मोठा म्हणून जास्त पैसे देऊ नयेत.

किती तास? मुंबईत दिवस डिसेंबरात सुमारे अकरा तासांचा तर जूनमध्ये तेरा तासांहून थोडा मोठा असतो. त्यावरून कोणी म्हणेल की बारा तास दिवा लावावा. पण ओढ्यात सकाळ-संध्याकाळचे ऊन तिरपे व मंद असते, झाडांची सावली असते, आणि डोक्यावरचे कडक ऊन थोडाच वेळ. दिवा मात्र लावल्या क्षणापासून बंद होईपर्यंत एकाच जोराने जळतो. म्हणून नव्या पेटीला सहा तास द्यावेत, झाडे रुजल्यावर सात-आठ. त्याहून जास्त देण्याचे कारण मला साध्या पेटीत कधी दिसलेले नाही. माशांनाही पापण्या नसतात. त्यांना डोळे मिटून घेता येत नाहीत, त्यांना रात्र आपणच द्यावी लागते.

इथे खरी अडचण आली. सात तास म्हटल्यावर आबा माझ्याकडे बघत राहिले. दिवसाचे सात तास घेतले तर पहाट आणि रात्र काळोखात. मी विचारले, आबा, तुम्ही पेटीसमोर केव्हा बसता? पहाटे चहा घेतल्यापासून नात शाळेत जाईपर्यंत, आणि संध्याकाळी ती शिकवणीहून आल्यापासून जेवणापर्यंत. मधल्या वेळेत ते झोप काढतात किंवा खाली देवळापाशी जातात. मग सलग सात तासच हवेत असे झाडाने कुठे लिहून दिले आहे? सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ, असे दोन तुकडे केले. दुपारच्या सुट्टीत पाण्यातला कर्बवायू थोडा भरून येतो हा एक फायदा. अशा सुट्टीने शेवाळ मरते असे काहीजण छातीठोक सांगतात. तसा भरवसा मी देणार नाही. ही सोय माणसासाठी केली. रात्रीसाठी पेटीपासून लांब, आबांच्या खाटेशेजारी झिरोचा दिवा लावला. त्या उजेडात मासे दिसत नाहीत, पण पाण्याचा तांब्या आणि काठी दिसते.

हे सगळे आबांच्या हातावर सोडायचे नाही म्हणून चोवीस तासांची चकती असलेला टायमर आणला. चकतीच्या कडेला दाते असतात, बहुधा एक दाता पंधरा मिनिटांचा. जेवढे दाते दाबाल तेवढा वेळ दिवा जळतो. वायर लावताना एक काळजी घ्यावी. दिव्याची वायर पेटीवरून थेट प्लगात जाऊ देऊ नये. प्लगच्या खाली तिला झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळापाशी खाली टपकते, प्लगात शिरत नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद. घरात गळती झाली की वीज तोडणारे यंत्र बसवलेले असेल तर फारच उत्तम. विहिरीवरच्या मोटारीला आपण जेवढे भितो, तेवढे ह्या छोट्या दिव्याला भीत नाही, म्हणून लिहिले.

हिरवे पाणी मात्र दिवा बदलून लगेच निवळणार नव्हते. त्यासाठी पेटीला तीन दिवस गोणपाट गुंडाळून पूर्ण अंधार केला. मासे तीन दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. हवेचा पंप मात्र रात्रंदिवस चालू ठेवला, आणि ही गोष्ट कोणी विसरू नये. अंधारात शेवाळ प्राणवायू सोडत नाही, उलट पाण्यातला प्राणवायू घेते. मेलेले शेवाळ कुजतानाही तो खर्च होतो. ज्यांनी शेततळ्यात मासे सोडले आहेत त्यांनी पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना पाहिलेच असतील. त्याचे कारण हेच. चौथ्या दिवशी निम्मे पाणी बदलले. खिडकीतून सकाळचे तासभर ऊन पेटीवर पडत होते, तिथे पडदा लावला. ते ऊन कोणाच्या हिशेबातच नव्हते. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो आणि घरात काही शे. तेव्हा खिडकीतला उन्हाचा एक पट्टाही लहानशा पेटीला भारी पडतो. पाणी तापते ते वेगळेच.

पेटीत एक लाल पानांचे झाड होते, अल्टरनँथेरा. आपल्या माठाच्या कुळातले. नातीने रंगासाठी हट्टाने घेतलेले. त्याला उजेड जास्त लागतो, दहा वॉटवर ते हिरवट-तपकिरी पडणार. मी सरळ सांगितले, हे एक जाऊ दे. एका झाडासाठी सगळ्या पेटीचा उजेड वाढवायचा म्हणजे भुईमुगाच्या रानात एक उसाचे बेट जगवायला रोज पाट सोडण्यासारखे. बाकीची झाडे, म्हणजे क्रिप्टोकोरीन, फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया आणि दगडाला बांधलेले जावा फर्न, सगळी सोशीक. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती तर आपल्या कोकणातल्या ओढ्यांतच असतात. तिथून त्या उपटून आणू नयेत. दुकानात बहुधा श्रीलंकेकडची जात मिळते, ती घ्यावी. आणि पेटीतली छाटलेली झाडे नाल्यात किंवा गावच्या तळ्यात टाकू नयेत. जलपर्णीही ह्या देशात शोभेची म्हणूनच आली होती.

यापुढे दिवा कसा जुळवायचा ते झाडाकडे बघून ठरवावे. दोन पानांमधले अंतर वाढत चालले, झाड टोमॅटोच्या सावलीतल्या रोपासारखे लांबट झाले, खालची पाने गळू लागली, तर उजेड कमी आहे; अर्धा तास वाढवावा. काच पुसल्यावर दोन दिवसांत पुन्हा हिरवी झाली, तर जास्त आहे. अर्धा तास कमी करावा. जुन्या पानांना टाचणीएवढी भोके पडली तर पालाश बघावे, नवी पाने फिकट आली तर लोह. तिथे दिव्याला हात लावू नये. आणि एका वेळी एकच बदल करून दोन आठवडे थांबावे. दिवा, खत आणि पाणी तिन्ही एकदम बदलले तर गुण कशाने आला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सूनबाईंनी तो रविवार जाऊ दिला, आणि पुढचाही. दसऱ्याच्या सुमारास आबांचा फोन आला. क्रिप्टोकोरीनच्या बुंध्यातून पाच नवी पाने आली होती, आणि मोजली तेव्हा तेरा मासे निघाले. त्यांना आठच वाटत होते. तरुणपणी भाजीच्या ट्रकबरोबर मुंबईस आले असता तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते, तिथे एवढे स्वच्छ पाणी नव्हते असे त्यांचे म्हणणे. मग आवाज जरा उतरवून त्यांनी विचारले, काल इमारतीची वीज दीड तास गेली होती आणि आज दिवा साडेपाचऐवजी सातला लागला, तो टायमर बिघडला का? बिघडला नाही. चकतीचा टायमर विजेवरच फिरतो. वीज गेली की तोही थांबतो आणि तेवढा मागे पडतो. चकती हाताने बाणाच्या दिशेने फिरवून घड्याळाशी जुळवून घ्यावी. आपल्या गावी वीज दिवसातून दोनदा जाते, तिथे आत बॅटरी असलेला टायमर घ्यावा, नाही तर रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी चकती एकदा पाहून जुळवावी.